दोन सोडून

सोमवार, ३ फेब्रुवारी

सुटलं. शेवटची पायरी आज दुपारी, तास संपल्यावर रिकाम्या वर्गात बसले असताना सुटली, आणि ओरडून सांगायला जवळ कुणी नव्हतं. विभागात माझ्या खोलीत जे दुसरे गृहस्थ बसतात ते गणितातल्या गाठींवर काम करतात, म्हणून मी त्यांना गाठवाले म्हणते, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांना सांगितलं तर "वा वा" म्हणाले आणि पुन्हा आपल्या गाठीत शिरले. नवरा दातांचा डॉक्टर, तो त्या वेळी कुणाच्या तरी जबड्यात हात घालून बसलेला. म्हणून मग त्याला औषध कंपनीकडून फुकट मिळालेली ही डायरी मी आज उघडली. प्रत्येक पानाखाली दंतमंजनाची जाहिरात आहे. असो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वाक्य तिच्यावरच लिहायचं होतं.

घरच्यांना माझा प्रश्न मी असा सांगते. वलय नावाच्या काही रचना असतात, त्यांत बेरीज-गुणाकार करता येतो. त्यांतल्या काहींना एक आरसा असतो आणि आरशात पाहिलं तरी रचना होती तशीच दिसते. अशी रचना फोडत गेलं की शेवटी न फुटणारे तुकडे उरतात. कुणी कुठूनही फोडायला सुरुवात केली तरी शेवटी तेच तुकडे हाती येतात का, एवढाच प्रश्न. मी म्हणते, येतात. नऊ वर्षं म्हणतेय, आता सिद्धही करू शकते.

मुलगी म्हणाली, "आणि नाही आले, तर कुणाचं काय बिघडतं?"

ती तेरा वर्षांची आहे, तिचं काही बिघडत नाही. माझं बिघडतं. या विद्यापीठात मी अकरा वर्षं दर उन्हाळ्यात नव्याने नेमली जाते आणि दर उन्हाळ्यात नेमणूक होते की नाही याची वाट बघते. या वर्षी बीजगणिताची कायमची जागा रिकामी झाली आहे. पुन्हा व्हायला माझी पेन्शन यायची वेळ येईल.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

विभागप्रमुखांनी बोलावलं. हे गृहस्थ प्रत्येक बोलणं "विषय संपला" असं म्हणून मिटवतात, त्यामुळे विभागात त्यांचं नाव पूर्णविराम. त्यांनी माझा मसुदा चाळला. वाचला म्हणत नाही, चाळला.

"मॅडम, पहिल्या पानावर ही अट कशाला?"

अट म्हणजे माझ्या प्रत्येक लेखाच्या सुरुवातीला असते ती ओळ: 'या लेखात सर्वत्र दोनने भाग जातो असे धरू.' आम्ही आरसेवाले ती सवयीने लिहितो, स्वयंपाकाआधी हात धुतो तशी.

"ही अट काढता येत असेल तर काढा," ते म्हणाले. "निवड समितीत बाहेरची माणसं असतात. अट दिसली की प्रमेय लंगडं वाटतं त्यांना. 'काही वलयांसाठी' आणि 'सर्व वलयांसाठी' यांत एका नोकरीचा फरक आहे. विषय संपला."

मनातून मला पटलंच नव्हतं, पण घरी येऊन पाहिलं तर गृहस्थांचं म्हणणं चुकीचं नाही. ती अट लागायची ती सातव्या पायरीत, आणि सातवी तर मी आता पूर्ण नव्या रीतीने केली आहे. म्हणजे ओळ उगीचच तिथे राहिली होती. काढून टाकली. पान एकदम सुटसुटीत दिसायला लागलं. शीर्षकात 'सर्व' हा शब्द घातला आणि बराच वेळ नुसती त्याच्याकडे बघत बसले.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सिद्धतेचा गोषवारा सगळ्यांना दिसेल असा जालावर टाकला. नऊ पायऱ्या, प्रत्येकीला दोन-तीन वाक्यं. चौथीबद्दल लिहायलासुद्धा लाज वाटत होती, इतकी ती सोपी आहे. फलन, म्हणजे एका संख्येवरून दुसरी काढायचा नियम, घ्यायचं, त्याचं आरशातलं रूप घ्यायचं, दोन्हींची बेरीज करायची आणि तिचं अर्धं घ्यायचं. की झालं काम. 'हे सहज दिसते' असं लिहून पुढे गेले. सातवीवर मात्र जीव ओतला आहे. कुणी खोट काढलीच तर सातवीत काढतील, म्हणून तिची पंधरा वेळा उलटतपासणी केली.

नवऱ्याला म्हटलं, "सगळं ठणठणीत आहे."

तो म्हणाला, "पेशंटही असंच म्हणतात. म्हणून मी न दुखणाऱ्या दातावरही एकदा ठोकून बघतो."

याला प्रत्येक गोष्टीत दात दिसतात.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

अंगाचा तिळपापड झाला आहे. शेजारणीचं पत्र आलं.

शेजारीण म्हणजे दुसऱ्या विद्यापीठातली माझ्याच विषयातली बाई. संदर्भांच्या यादीत आमची नावं कायम शेजारी शेजारी येतात म्हणून हे नाव. एका परिषदेत आम्ही एका खोलीत राहिलो होतो. तिला खिडकी उघडी लागते, मला बंद. तेवढाच आमचा परिचय. तिचं पत्र इथे उतरवते:

'तुमचा गोषवारा वाचला. मनापासून अभिनंदन. चौथ्या पायरीबद्दल एकदा बोलायचं होतं. ती सगळीकडे चालते का? मी स्वतः त्या जागी दोन वर्षं अडकले होते. आपण दोघींनी एकाच पदासाठी अर्ज केला आहे हे तुम्हाला कळलं असेलच, त्यामुळे एकमेकींच्या कामावर लेखी काही म्हणणं बरं दिसणार नाही. फोनवर पाच मिनिटं मिळतील का?'

कळलं नव्हतं मला! हिनेही अर्ज केला आहे, हे हिच्याकडूनच कळलं. आणि चौथी? जी पायरी शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी डोळे मिटून लिहील, त्या पायरीबद्दल हिला प्रश्न पडतो? मला काय दूधखुळी समजते ही? सरळ दिसतंय, चौथीचं निमित्त, हिला सातवी काढून घ्यायची आहे माझ्याकडून. आणि 'मी दोन वर्षं अडकले होते' हे कशाला? उद्या म्हणायला मोकळी की कामात माझाही वाटा होता. शिवाय लेखी काही नको. म्हणजे मागे पुरावा नको.

उत्तर पाठवलं: 'आभार. तपशील यथावकाश प्रसिद्ध होईल.' यथावकाश हा शब्द फार उपयोगी आहे.

मंगळवार, ४ मार्च

आज तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मजा आली. ज्या जगात एक अधिक एक शून्य होतं, ते शिकवायचं होतं. पोरं पहिल्यांदा ऐकतात तेव्हा त्यांना फसवणूक वाटते. मी भिंतीवरचं दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. म्हटलं, दोनदा दाबलं की होतं तिथेच परत. या जगात दोन म्हणजे काहीच न करणं. दोन म्हणजे शून्य.

खिडकीजवळ बसणारी एक मुलगी, कधी ब्र काढत नाही, तिने हात वर केला. "मॅडम, म्हणजे तिथे कशाचं अर्धं करताच येणार नाही?"

"शाब्बास," मी म्हटलं. "अर्धं करायचं म्हणजे दोनने भागायचं, आणि तिथे दोन शून्य आहे. शून्याने भागायचं नाही, हे तुला शाळेपासून माहीत आहे. त्या जगात अर्धं ही गोष्टच नाही."

दिवसभर मन प्रसन्न होतं. शिकवण्याचं हे सुख मला कुणी हिरावू नये एवढंच वाटतं. उन्हाळ्यात नेमणूक झाली नाही तर तेही जाईल.

रविवार, ९ मार्च

शेजारणीचा पिच्छा सुटत नाही. माझ्या मोबाइलवर तिचे तीन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. नवरा म्हणाला, "बोल ना एकदा. खाणार आहे का ती तुला?" मी त्याच्यावर इतकी ओरडले की मुलगी खोलीतून बाहेर येऊन बघून गेली. माझं चुकलंच, पण या दिवसांत माझ्या डोक्यावरून पाणी चाललंय आणि हा असा शांत.

दुपारी मी कपडे वाळत घालत असताना घरचा फोन वाजला. नवऱ्याने उचलला आणि बराच वेळ बोलत होता. मधूनच "हं" आणि "लिहून घेतो" आणि "नाही, ऐकत नाही हो ती" एवढंच कानावर आलं. विचारलं तर म्हणाला, "एका पेशंटची बायको. हिरडीचं काम आहे, ती घाबरली आहे." रविवारीसुद्धा लोक डॉक्टरला सोडत नाहीत.

जेवताना तो म्हणाला, "तुझी ती चौथी पायरी, ती एकदा परत तपासशील का?"

"तुला काय माहीत चौथी?"

"तूच म्हणालीस."

मी कधी म्हणाले कुणास ठाऊक. हल्ली झोपेतही बोलते की काय.

गुरुवार, १३ मार्च

मनाला चुटपुट नको म्हणून आज चौथी तपासली. नवऱ्यासाठी तपासली, शेजारणीसाठी नव्हे. नेहमीच्या अपूर्णांकांवर चालते. तीन शून्य असतं त्या जगात करून पाहिली, चालते. पाच, सात, अकरा, सगळीकडे चालते. दोनचं सोडून दिलं, तो अगदीच पोरखेळ असतो, दोनच आकडे, त्यात बघण्यासारखं काय असणार. एवढी उदाहरणं सुरळीत गेली म्हणजे बस्स.

गाठवाल्यांना दाखवलं. ते म्हणाले, "अहो, सुंदर आहे." त्यांना काय कळतंय, पण बरं वाटलं.

पुढच्या गुरुवारी आणि शुक्रवारी उमेदवारांची व्याख्यानं. इथे पद्धत अशी की उमेदवार एकमेकांची व्याख्यानं ऐकतात, म्हणजे कुणी मागाहून कुजबूज करायला नको. गुरुवारी शेजारीण, शुक्रवारी मी. तिचा विषय फलकावर लागला आहे: 'एका विभाजन-प्रमेयाचे अपवाद'. माझ्याच प्रमेयाचे अपवाद? सिद्ध झालेल्या प्रमेयाला अपवाद कुठून येणार? हिला आदल्या दिवशी माझ्याभोवती नुसता धुरळा उडवायचा आहे. समितीच्या मनात एकदा शंका शिरली की शुक्रवारी मी कितीही घसा फोडला तरी व्यर्थ.

बुधवार, १९ मार्च

जिंकले! फलकावर नवा कागद लागला आहे. शेजारणीने विषय बदलला. आता ती तिचं सहा वर्षांपूर्वीचं काम सांगणार, जे सगळ्यांनी वाचून झालं आहे. कुणी उमेदवार आदल्या दिवशी जुनं काम पुढे करतो का? अपवाद सापडला नसणार, पाचावर धारण बसली असणार. पूर्णविराम मला जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "त्यांच्याकडे नवीन काही नाही असं दिसतं." आणि हसले. अकरा वर्षांत ते मला पाहून पहिल्यांदा हसले.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. त्याला आनंद व्हायला हवा होता. तो नुसता म्हणाला, "चांगली बाई दिसते."

"चांगली? घाबरली, म्हणून मागे हटली!"

तो भांडी पुसत राहिला. मग म्हणाला की शुक्रवारी तो दवाखाना बंद ठेवून येणार आहे. लग्नाला सोळा वर्षं झाली, माझ्या एकाही व्याख्यानाला हा आला नाही, कारण आला तर झोपतो. ऊर भरून आला. माझं यश त्याला डोळ्यांनी बघायचं आहे.

गुरुवार, २० मार्च

तिचं व्याख्यान झालं. नीटनेटकं, कोरडं, नवं काही नाही. समितीतल्या एकाला तर जांभई आवरेना. मला वाईट वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. हे लिहून ठेवते म्हणजे पुढे मी फार चांगली होते असा माझा समज व्हायला नको.

चहाच्या वेळी ती सरळ माझ्याकडे आली. केस पुष्कळ पिकलेत. "तुम्ही फोन उचलला नाहीत," ती म्हणाली.

"कामात होते."

"अजून वेळ आहे. पाच मिनिटं बाहेर येता का?"

"तुमचं व्याख्यान छान झालं," मी म्हटलं. माझं मलाच ते बोलणं झोंबलं.

तिने कप खाली ठेवला. "बरं. उद्या मी मागे बसेन. मी काही विचारणार नाही, एवढं नक्की."

घ्या! म्हणजे तिने प्रश्न विचारला नाही तर उपकारच माझ्यावर. विचार की, हजार विचार! सातवीची उत्तरं मला तोंडपाठ आहेत.

शनिवार, २२ मार्च

काल लिहिता आलं नाही. आज जमेल तसं लिहिते.

सभागृह भरलं होतं. पुढे समिती, पूर्णविराम मध्यभागी. गाठवाले टाय लावून आलेले. नवरा शेवटच्या रांगेत, दाराजवळ, आणि त्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला शेजारीण. मी फळ्याकडे जाताना पाहिलं, त्या दोघांची नजरानजर झाली आणि दोघांनीही किंचित मान हलवली. दातांच्या डॉक्टरला कुठेही ओळखणारं कुणी निघतंच.

सुरुवात छान झाली. पहिल्या तीन पायऱ्या पाण्यासारख्या गेल्या. समितीतल्या बाहेरच्या माणसांत एक म्हातारे प्राध्यापक आहेत, ज्यांचं पुस्तक वाचून मी बीजगणिताकडे वळले. ते माझ्या प्रत्येक ओळीला मान डोलावत होते. मी चौथी लिहायला घेतली. फलन, आरशातलं रूप, बेरीज. बाहेर कंस, आणि कंसाच्या आधी एक छेद दोन.

"हे सहज दिसते," असं म्हणून मी वळले.

सगळे फळ्याकडे बघत होते. एकटी शेजारीण बघत नव्हती. ती मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे पाहत होती. एखादा माणूस रस्त्यात पडणार हे दिसलं की आपण नजर फिरवतो, तशी. माझ्या मनात आलं, हिला झालंय काय? अशी काय बसली आहे? म्हणून मी तिने जे बघायचं टाळलं होतं ते बघितलं.

एक छेद दोन.

खिडकीजवळच्या त्या मुलीचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मॅडम, म्हणजे तिथे कशाचं अर्धं करताच येणार नाही?

मी शीर्षकात 'सर्व' लिहिलं होतं. ज्या जगात दोन शून्य आहे, तेही त्या 'सर्व'मध्ये येतं, आणि तिथे माझी चौथी पायरी उभीच राहत नाही. चौथी नाही तर पुढची एकही नाही. आयुष्यभर ती अट डोक्यावर घेऊन काम केलं. कागदावरची ओळ खोडली, पण हाताची सवय तशीच राहिली.

मी पाणी प्यायले. हा भाग मला खरा खरा लिहायचा आहे. कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. म्हातारे प्राध्यापक पुढची पायरी कधी येते म्हणून वाट बघत होते. पूर्णविराम घड्याळाकडे बघून समाधानाने हसले. मी 'आता पाचवी' एवढंच म्हटलं असतं तर जागा माझी होती. नंतर छापताना गुपचूप अट परत घातली असती, कोण बघतंय? हे सगळं पाण्याच्या एका घोटात माझ्या मनात येऊन गेलं. आणि 'आता पा' इथपर्यंत मी बोललेही. गाठवाल्यांनी ऐकलं, ते आज म्हणाले.

मागे शेजारणीची मान अजून खालीच होती. तिला आधीपासून माहीत होतं. पत्र, फोन, 'सगळीकडे चालते का'. आणि तो बदललेला विषय. तिने गुरुवारी अपवाद सांगितले असते तर माझ्या शुक्रवारला काही अर्थच उरला नसता. ती जांभया सहन करत जुनं काम सांगत बसली. मला भर सभेत रडू येईल असं वाटलं.

मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, "माझी इथे चूक आहे."

पूर्णविरामांचं हसू तसंच चिकटून राहिलेलं.

"दोन शून्य असेल तर अर्धं कुठून आणणार? हे मी विसरले. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवते आणि स्वतः विसरले."

म्हाताऱ्या प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "मग काय उरतं?"

"दोन सोडून सगळं."

"आणि दोनचं? तिथे प्रमेय खोटं आहे की नुसती सिद्धता नाही?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. अकरा वर्षांत या सभागृहात हे वाक्य मी कधी बोलले नव्हते. "पण मागे बसलेल्या बाईंना माहीत आहे, असं मला वाटतं. त्यांना फळ्यापाशी यायची विनंती करते."

ती आली. तिने माझं काही पुसलं नाही, कडेच्या रिकाम्या जागेत लिहिलं. चार ओळी. दोन आकड्यांचं जग, मी ज्याला पोरखेळ म्हणून सोडलं तेच. एकच रचना, एका बाजूने फोडली तर दोन तुकडे येतात, दुसऱ्या बाजूने फोडली तर तीन. काही शंकाच नाही, शाळेतलं पोरही पडताळून बघेल. लिहून झाल्यावर ती समितीला म्हणाली, "यांची सातवी पायरी बघा. मला ती जमली नव्हती." आणि जागेवर जाऊन बसली.

मी उरलेल्या पायऱ्या सांगितल्या, दोन सोडून. कशा सांगितल्या ते आठवत नाही.

बाहेर आले तर नवरा उभा. त्याच्या पिशवीत पाण्याची बाटली, डोकेदुखीची गोळी आणि माझ्या घरच्या सपाता. त्याने तिथेच पायरीवर बसवून माझे उंच टाचांचे बूट काढले. यशाच्या दिवशी सपाता कशाला आणल्या असतील याने? विसरभोळा आहे, काहीतरी दुसरं आणायचं असेल. पण बरं झालं आणल्या.

शुक्रवार, २८ मार्च

निकाल. जागा शेजारणीला.

पूर्णविरामांनी खोलीत बोलावून सांगितलं. "समितीला तुमचा प्रामाणिकपणा आवडला. पण कायमची नेमणूक... तुम्ही समजून घ्याल. तुमची एक वर्षाची नेमणूक मी करून घेतो. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी." आणि मग, "ती अट काढायला मीच सांगितलं होतं. मला खरं म्हणजे..."

"तपासायचं काम माझं होतं," मी म्हटलं. "विषय संपला."

घरी येईपर्यंत मी त्या वाक्यावर खूश होते. घरी आल्यावर मुलीच्या खोलीत चादर बदलायच्या निमित्ताने जाऊन रडले. मुलीने दार लावून घेतलं आणि माझ्या शेजारी बसून राहिली. काय झालं ते तिने विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "तुझं बिघडलं ना गं?" बिघडलं, म्हटलं.

मला हेवा वाटतो, फार वाटतो. शेजारीण चांगली आहे हे कळल्याने तो कमी होईल असं वाटलं होतं, पण कमी होत नाही. तिच्या दारावर नावाची पाटी लागेल, आणि मी गाठवाल्यांच्या खोलीत अर्ध्या टेबलावर. अर्धं तेवढं मला बरोबर मिळालं.

रविवार, ६ एप्रिल

आठवडाभर कागदाला हात लावला नाही. कपाट आवरलं, पडदे धुतले. गणिताशिवाय माणसं दिवस कसे काढतात ते पाहिलं. काढतात, नाही असं नाही.

संध्याकाळी सगळे बसलो होतो. नवऱ्याने मध्येच टीव्हीचा आवाज कमी केला. मग घरचा फोन वाजला. मुलीने उचलला आणि मोठ्याने ओरडली, "आई, तुझी शेजारीण!" तिकडे ऐकू गेलं असणार. मी हातानेच नाही म्हणून खुणावलं. मुलगी तशीच फोन पुढे करून उभी. नवरा वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेला, पण पान उलटत नव्हता.

घेतला.

मी विचारलं, "विषय का बदललात?"

"जुना विषय बरा होता," ती म्हणाली. मग घाईघाईने, हे बोलणं मागे टाकायचं असल्यासारखी, "ऐका ना. दोनच्या जगात तुकडे वेगवेगळे येतात, ते ठीक. पण किती वेगवेगळे? मला वाटतं ते मोजता येईल. तुमची सातवी पायरी अर्ध्याशिवाय चालते. मी तिथपर्यंत पोचलेच नव्हते कधी. मला एकटीला नाही जमणार."

मी म्हणणार होते, जागा तुम्हाला मिळाली, आता कामही तुम्हीच करा. खरंच म्हणणार होते, शब्द तोंडात आले होते. पण तोवर डोकं पुढे धावलं होतं. सातवी चालते. चालते! तिथे आपण कुठे भागलंच नाही. म्हणजे दोन तुकडे आणि तीन तुकडे यांच्यामधलं जे काही आहे, ते सातवीतूनच बाहेर यायला हवं.

"ऐकताय ना?" ती म्हणाली. "की ठेवू?"

"थांब गं," मी म्हटलं, "ठेवू नकोस. पेन्सिल घेते."